लैंगिक हिंसेविरुद्धच्या चळवळीत पुरुषांचे काम कोणते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लैंगिक हिंसेविरुद्ध स्त्रियांनी उभारलेल्या आंदोलनांत पुरुषांना सामील करून घ्यावे की नाही, यावर आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस मतमतांतरे येत आहेत. निम्मा समाज बाहेर ठेवून कोणताही बदल घडत नाही, असे काही वाचकांचे म्हणणे आहे. स्त्रियांना मोकळेपणाने बोलता येईल अशा जागा आधीच मोजक्या आहेत, त्याही आता वाटून का घ्यायच्या, असे काही भगिनींनी विचारले आहे. दोन्हीकडची तळमळ मला खरी वाटते. स्त्रियांनीच सुरू केलेल्या आणि चालवलेल्या एका समुपदेशन केंद्रात मी बऱ्याच वर्षांपासून काम करते आणि आमच्याबरोबर पुरुष सहकारीही आहेत. या कामातून माझे जे मत बनले आहे ते मी स्पष्टपणे मांडते. पुरुष चळवळीत हवेत. मात्र त्यांनी कुठे उभे राहायचे, कोणते काम करायचे आणि त्या कामाचा जाब कोणाला द्यायचा, हे चळवळ चालवणाऱ्या स्त्रियांनी ठरवले पाहिजे आणि तेही पुरुष येण्यापूर्वी. हे न ठरवता सरसकट दार उघडणे किंवा सरसकट बंद करणे, या दोहोंत नुकसान त्या स्त्रीचेच होते, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

फक्त स्त्रियांच्या मोर्चाची कल्पना पुरुषद्वेषातून निघाली आहे, असा सूर एका पत्रात होता. अशा मोर्चांचा उगम पाहिला तर तो सूर टिकत नाही. नोव्हेंबर १९७७ मध्ये इंग्लंडमधील लीड्स आणि इतर काही शहरांत स्त्रियांनी रात्रीच्या वेळी मोर्चे काढले. त्या भागात तेव्हा एकामागून एक स्त्रियांचे खून होत होते, मारेकरी हाती लागत नव्हता आणि अंधार पडल्यावर बाहेर पडू नका, असा सल्ला पोलीस स्त्रियांना देत होते. गुन्हा करणारा पुरुष होता आणि घरात बसायला सांगितले जात होते ते स्त्रियांना. कोणाही पुरुषाच्या सोबतीवाचून रात्रीच्या रस्त्यावरून चालता आले पाहिजे, हीच त्या मोर्चाची मागणी होती. त्या मोर्चाच्या दोन्ही बाजूंना सद्हेतूने का होईना, पुरुषांचे कडे उभे केले असते, तर मागणीतला अर्थच निघून गेला असता. याउलट कोलकात्यात ऑगस्ट २०२४ मध्ये एका तरुण डॉक्टरवर तिच्याच रुग्णालयात बलात्कार होऊन तिचा खून झाला, तेव्हा १४ ऑगस्टच्या रात्री रस्त्यावर उतरण्याची हाक स्त्रियांनी दिली आणि त्या रात्री पुरुषही मोठ्या संख्येने आले. तिथे रात्रीवरचा हक्क ही मागणी तर होतीच, पण एका खुनाचा न्याय, कामाच्या जागेची सुरक्षितता आणि रुग्णालय प्रशासनाची जबाबदारी हेही प्रश्न होते आणि ते विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला होता. मोर्चात कोणी चालावे हे मोर्चाच्या मागणीवरून ठरते, आणि मागणी ज्यांची आहे त्यांनीच ते ठरवायचे असते. एका मोर्चात पुरुषांना मागे चालायला सांगितले आणि दुसऱ्यात बरोबरीने चालायला सांगितले, तर त्यात विसंगती शोधण्याचे कारण नाही.

मोर्चापेक्षा समुपदेशनाच्या खोलीचा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि त्याबाबत माझ्या मनात कोणताही संदेह नाही. अत्याचाराला तोंड दिलेल्या स्त्रिया जिथे एकमेकींशी बोलतात, तिथे पुरुष नकोत. कितीही सज्जन, कितीही अभ्यासू असला तरी नको. याचे कारण त्या पुरुषाच्या स्वभावात नाही. बाई बोलत असते, हळूहळू धीर धरून नेमके काय घडले ते सांगण्यापर्यंत येते, आणि तेवढ्यात एखादा पुरुष सहकारी काही कागद द्यायला दारात आला, की तिची भाषा बदलते. शरीराच्या अवयवांची नावे गळून पडतात, ‘त्याने तसे केले’ एवढ्यावर वाक्य आटोपते, पदर किंवा ओढणी सारखी केली जाते. अनेकदा तर ती त्याच्याकडे पाहून स्वतःच म्हणते, ‘तसे सगळेच वाईट नसतात हो.’ म्हणजे स्वतःच्या दुःखाबद्दल बोलायला आलेली बाई आपले बोलणे बाजूला ठेवून दारातल्या माणसाला वाईट वाटू नये याची काळजी घेऊ लागते. आयुष्यभर तिला हेच शिकवले गेले आहे. ती सवय जिथे निदान तासाभरासाठी बाजूला ठेवता येते अशी ती एकच खोली असते. ती खोली राखून ठेवण्यात कोणाचाही अपमान नाही, आणि ज्याला तो अपमान वाटतो त्याची या कामासाठी अजून तयारी झालेली नाही, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

आता बैठकांविषयी. आमच्या एका नियोजनाच्या बैठकीला काही नवे पुरुष स्वयंसेवक आले होते. विषय होता रात्रीच्या दूरध्वनी मदतसेवेच्या पाळ्यांचा. सुरुवातीलाच त्यांपैकी एका गृहस्थांनी अगदी प्रामाणिकपणे विचारले की खोट्या तक्रारींबद्दल संस्थेचे काय धोरण आहे. प्रश्न विचारण्यात गैर काहीच नव्हते, पण पुढचा जवळजवळ सगळा वेळ त्या एका शंकेचे निरसन करण्यात गेला. जमलेल्या स्त्रिया समजावून सांगत होत्या, उदाहरणे देत होत्या, आवाज सौम्य ठेवत होत्या. जी मुलगी पाळ्यांचे वेळापत्रक तयार करून आली होती, तिला शेवटी उभ्या उभ्या दोन मिनिटे मिळाली. ते गृहस्थ वाईट नव्हते, आजही आमच्याबरोबर आहेत. मात्र तेव्हापासून आम्ही नव्या पुरुषांसाठी वेगळी ओळख-बैठक घेतो आणि ती अनुभवी पुरुष सहकारीच घेतात. शंका, अस्वस्थता, अपराधी भावना, राग, जे काही असेल ते तिथे बोलायचे. मुख्य बैठकीत प्रथम स्त्रिया बोलतात, आणि इतिवृत्त लिहिणे, सतरंज्या घालणे, चहाचे कप विसळणे ही कामे पुरुषांकडे असतात. बाहेरून पाहणाऱ्याला यात कदाचित शिक्षेचा भास होईल. जगभरच्या सामाजिक संस्थांत ही कामे न विचारता स्त्रियांकडे जातात आणि व्यासपीठावरची खुर्ची न विचारता पुरुषांकडे जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला तसा भास होणार नाही.

‘सगळे पुरुष तसे नसतात’ हे वाक्य या चर्चेतल्या जवळजवळ प्रत्येक पत्रात कोणत्या ना कोणत्या रूपात आले आहे, म्हणून त्याबद्दल थोडे लिहिते. वाक्य खरेच आहे. पण फ्रान्समध्ये २०२४ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये अविन्यो येथे चाललेला जिझेल पेलिको यांचा खटला ज्यांनी वाचला असेल, त्यांना या वाक्यात आता पूर्वीसारखा दिलासा सापडणार नाही. पत्नीला वर्षानुवर्षे गुंगीची औषधे देऊन अनोळखी पुरुषांच्या हवाली करणारा तिचा नवरा आणि त्याच्याबरोबरचे इतर आरोपी अशा ५१ पुरुषांना त्या खटल्यात दोषी ठरवण्यात आले. त्यांत ट्रकचालक होते, सैनिक होता, अग्निशामक दलातला माणूस होता, पत्रकार होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लेखी ती चारचौघांसारखीच माणसे होती, आणि कित्येकांना बायकामुले होती. नाव गुप्त ठेवण्याचा कायद्याने दिलेला हक्क जिझेल पेलिको यांनी सोडून दिला आणि खटला उघडपणे चालवण्याचा आग्रह धरला, तो लाज गुन्हेगाराला वाटली पाहिजे म्हणून. चांगला पुरुष आणि वाईट पुरुष चेहऱ्यावरून वेगळे काढता येत नाहीत, हे इथे इतक्या उघडपणे दिसले असताना स्त्रियांनी एखाद्याला केवळ त्याच्या शब्दावर चांगला मानावे, ही अपेक्षा न्याय्य नाही. जो पुरुष चळवळीत येतो त्याने आपल्यावर विश्वास ठेवला जावा असा हट्ट धरू नये. विश्वास बसायला वेळ लागतो, आणि तो किती लागावा हे त्याच्या हातात नाही.

मग पुरुषांनी नेमके करायचे काय? इथे मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण आजवरच्या पत्रांत याचीच उणीव दिसली.

बलात्कारानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत त्या स्त्रीचे पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी तिच्या घरातले पुरुष ठरवतात. पोलीस आणि न्यायालय त्यानंतर येतात. नवरा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, ‘तू ओरडली का नाहीस?’ वडील बोलेनासे होतात. भाऊ म्हणतो, त्याला जिवंत सोडणार नाही. आपली समुपदेशक आत तिच्याशी बोलत असते, आणि हे तिघे बाहेरच्या बाकावर बसलेले असतात. त्यांच्याशी कोणी बोलत नाही. आमच्याकडच्या एका पुरुष सहकाऱ्याने हे बाकावरचे काम अंगावर घेतले. तीव्र भीतीच्या क्षणी माणसाचे शरीर गोठून जाऊ शकते, हातपाय हलत नाहीत, घशातून आवाज निघत नाही, ही संमती नव्हे तर शरीराची प्रतिक्रिया आहे, हे तो नवऱ्याला समजावतो. हेच आम्ही सांगितले असते तर बायका बायकांची बाजू घेणारच, असे म्हणून त्याने मान फिरवली असती. पुरुषाने सांगितल्यावर तो निदान ऐकून घेतो. ही गोष्ट न्यायाची नाही, पण वस्तुस्थिती आहे, आणि ती बदलेपर्यंत तिचा उपयोग करून घेणे मला योग्य वाटते. भावाशी बोलणे त्याहून अवघड असते. तो सूड घ्यायला निघालेला असतो आणि तेच आपले बहिणीवरचे प्रेम, असे त्याला वाटते. पण आपला भाऊ तुरुंगात जाईल, या धास्तीने कितीतरी मुली घडलेले सांगतच नाहीत किंवा दिलेला जबाब फिरवतात. तिच्यासाठी काही करायचेच असेल तर प्रत्येक तारखेला तिच्याबरोबर ये, तारीख पुढे गेली तरी पुढच्या वेळी पुन्हा ये, उलटतपासणीच्या दिवशी ती ज्या दरवाजातून बाहेर पडेल तिथे उभा राहा, असे त्या भावाला सांगणारा माणूस हवा असतो. बाकावर काय सांगायचे आणि काय नाही, हे मात्र समुपदेशक आधी त्या स्त्रीला विचारूनच ठरवते. आतल्या खोलीतला एक शब्दही तिच्या संमतीवाचून बाहेर येत नाही. आमचा हा सहकारी कोणत्याही छायाचित्रात नाही, पण केंद्राने केलेल्या कामात त्याचा वाटा फार मोठा आहे.

कैरोतील तहरीर चौकाचे उदाहरण या संदर्भात मला महत्त्वाचे वाटते. तिथल्या निदर्शनांच्या गर्दीत पुरुषांची टोळकी स्त्रियांना वेढून त्यांच्यावर हल्ले करू लागली, तेव्हा २०१२ च्या अखेरीस काही स्वयंसेवक गट उभे राहिले आणि गर्दीत शिरून त्या स्त्रियांना बाहेर काढू लागले. या गटांत पुरुष होते, आणि धक्काबुक्की सोसत वाट काढण्याच्या कामात त्यांची गरजही होती. तरीही वेढ्यात शिरणाऱ्या तुकडीत स्त्रिया असल्याच पाहिजेत, असा आग्रह तिथल्या कार्यकर्त्या स्त्रियांनी धरला. चारही बाजूंनी पुरुषांचेच हात अंगावर येत असताना त्यांतला कोणता हात वाचवणारा आहे, हे त्या स्त्रीने ओळखायचे कसे? स्त्रियांना धोक्यात घालू नका, असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्यांचे ऐकले असते तर सुटका म्हणून आलेला माणूसही तिला आणखी एक हल्लेखोरच वाटला असता. पुरुष हवेत आणि निर्णय स्त्रियांचा हवा, या दोन गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतात, ते इथे दिसते.

डॉ. डेनिस मुकवेगे यांचे नाव वाचकांना ठाऊक असेल. कांगोच्या पूर्व भागातील बुकावू येथे १९९९ मध्ये त्यांनी पांझी रुग्णालय सुरू केले आणि युद्धात बलात्कार झालेल्या हजारो स्त्रियांवर तिथे उपचार झाले. २०१८ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना इराकमधील यझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांच्याबरोबर मिळाले. पारितोषिकापेक्षाही मला आठवते ती त्याआधीची घटना. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांच्या घरी त्यांना मारण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांना देश सोडावा लागला. तेव्हा तिथल्या गरीब स्त्रियांनी शेतातली फळे आणि भाजीपाला विकून त्यांच्या परतीच्या तिकिटासाठी पैसे गोळा केले, आणि २०१३ च्या सुरुवातीला ते परत आले. चळवळीत एखादा पुरुष हवा की नको हे कोण ठरवते, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर मला माहीत नाही. त्यांनी स्वतः होऊन जागा मागितली नाही. त्यांच्या हातांनी जे काम केले होते त्यावरून त्या स्त्रियांनी त्यांना परत बोलावले.

आपल्या देशातही असा एक दाखला आहे. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीच्या खटल्यात पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या आरोपातून दोन पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. त्यावर सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर हे दोन पुरुष होते, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या दोन स्त्रिया. मान तुकवणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा त्या पत्राचा गाभा होता. हे पत्र स्त्रियांच्या संघटनांनी उचलले, ८ मार्च १९८० रोजी देशात अनेक ठिकाणी निदर्शने झाली, आणि १९८३ मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलून कोठडीतील बलात्काराची स्वतंत्र तरतूद झाली. त्या दोन पुरुषांकडे कायद्याचे ज्ञान होते आणि न्यायालयाने ऐकून घ्यावे अशी प्रतिष्ठा होती. ती त्यांनी दोन स्त्री सहकाऱ्यांच्या बरोबरीने कामाला लावली, आणि रस्त्यावरच्या चळवळीचे नेतृत्व स्त्रियांकडेच राहिले.

पुरुषांचे आणखी एक काम आहे आणि ते मोर्चापासून, केंद्रापासून दूर, पुरुषांच्याच घोळक्यात करायचे आहे. डिसेंबर १९८९ मध्ये माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एका बंदूकधाऱ्याने वर्गातल्या मुलांना बाहेर जायला सांगितले आणि मुलींवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी त्याने एकूण १४ स्त्रियांचा जीव घेतला. त्यानंतर १९९१ मध्ये कॅनडातल्या काही पुरुषांनी पांढऱ्या फितीची मोहीम सुरू केली. स्त्रियांवर हिंसा करणार नाही, तिला पाठीशी घालणार नाही आणि तिच्याबद्दल गप्प बसणार नाही, अशी तिची प्रतिज्ञा आहे. पहिले दोन भाग बहुतेक जण सहज उच्चारतात. तिसरा अवघड आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत जॅक्सन कॅट्झ यांनी सुरू केलेल्या प्रशिक्षणाचा सगळा भर या तिसऱ्या भागावरच होता. खेळाडूंना आणि पुढे सैनिकांना तिथे एखादा प्रसंग दिला जातो आणि विचारले जाते की हे घडताना तू तिथे आहेस, तू काय करशील. संभाव्य गुन्हेगार म्हणून न पाहता प्रसंगाच्या वेळी हजर असलेला माणूस म्हणून पाहिले, की तरुण मुले बोलू लागतात, हे आम्हीही अनुभवले आहे.

तो प्रसंग फार मोठा असण्याची गरज नसते. ऑफिसातल्या पुरुषांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी एका सहकारी स्त्रीचा पाठमोरा फोटो टाकतो, त्यावर हसण्याची चिन्हे पडू लागतात, आणि ग्रुपमधला एक जण लिहितो, ‘हा फोटो काढून टाक.’ पुढे कोणीही काही लिहीत नाही, दुसऱ्या दिवशी जेवताना त्याच्यासाठी कोणी जागा धरून ठेवत नाही. एवढीशी किंमत द्यायला किती जण तयार होतात, यावर पुरुषांच्या सहभागाचे मोजमाप व्हावे, असे मला वाटते. ते एक वाक्य लिहिणे ज्याला जमत नाही, त्याच्या मेणबत्तीचा आम्हाला फारसा उपयोग नाही. आणि ते लिहिल्यावर त्याने आमच्याकडे येऊन सांगितलेच पाहिजे, असेही नाही.

गुन्हा केलेल्या पुरुषांचे काय, हा प्रश्न एका वाचकाने विचारला होता. वॉशिंग्टनमधल्या बलात्कार-साहाय्य केंद्राचा इतिहास इथे आठवतो. हे अमेरिकेतल्या अशा पहिल्या केंद्रांपैकी एक. १९७३ च्या सुमारास बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या काही कैद्यांनी तुरुंगात बलात्काराविरुद्ध गट स्थापन केला आणि आम्हाला शिकवा, असे या केंद्राला कळवले. पुढे केंद्राच्या संचालक झालेल्या लोरेटा रॉस स्वतः अत्याचारातून गेल्या होत्या. आपल्याला आधी या मागणीचा संताप आला होता, हे त्यांनी उघडपणे सांगितले आहे. तरी त्या तुरुंगात गेल्या आणि त्या पुरुषांबरोबर स्त्रीवादी लेखन वाचत राहिल्या. त्यांनी जे केले ते प्रत्येक स्त्रीने करावे, असे मी कधीही म्हणणार नाही. नकार देण्याचाही तितकाच हक्क त्यांना होता, आणि जिला हे काम झेपत नाही तिच्यावर ते लादणे क्रूरपणाचे होईल.

ज्या पुरुषांवर स्वतःवर लैंगिक अत्याचार झाला आहे, त्यांच्याविषयी या चर्चेत कोणीच लिहिले नाही याचे मला दुःख झाले. बरेचदा तो बालपणी झालेला असतो आणि त्यांनी तो कोणालाही सांगितलेला नसतो. त्यांना मदतनीस म्हणून मोजू नये. त्यांना ऐकून घेणारी माणसे आणि वेगळी, सुरक्षित जागा हवी, आणि ती निर्माण करणे हे पुरुष कार्यकर्त्यांचेच अत्यंत निकडीचे काम आहे. मात्र स्त्रियांवरच्या हिंसेचा विषय निघताच ‘पुरुषांवरही होतात’ असे म्हणून तो विषय बंद पाडायचा आणि त्या पुरुषांसाठी पुढे काहीच करायचे नाही, हा प्रकार दोघांवरही अन्याय करणारा आहे.

पैशाचा मुद्दा थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांना आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा, किंवा इतर कोणाकडून लैंगिक हिंसा सोसावी लागली आहे. त्या मानाने निवारागृहे, समुपदेशक आणि वकील फारच अपुरे आहेत. अशा वेळी पुरुषांसाठीच्या कार्यक्रमांचा निधी या सेवांच्या वाट्यातून काढला जाता कामा नये. पुरुषांबरोबर काम करणाऱ्या संस्थांची २००४ मध्ये ‘मेनएंगेज’ ही जागतिक आघाडी स्थापन झाली. स्त्रियांच्या चळवळीला उत्तरदायी राहणे तिने आपल्या कामाचे तत्त्व मानले आहे, त्यासाठी लेखी मार्गदर्शक नियमही केले आहेत. हे स्वागतार्ह आहे, पण असे नियम प्रत्येक छोट्या संस्थेत हवेत.

आणि ते सर्वांत जास्त कशासाठी हवेत, तर चळवळीतल्याच पुरुषावर तक्रार आली तर काय करायचे यासाठी. हे घडते. पुरोगामी संस्थांत घडते, मानवी हक्कांच्या संस्थांत घडते, आणि घडते तेव्हा तक्रार करणाऱ्या मुलीला सांगितले जाते की आपल्या कामाचे नाव खराब होईल, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, त्यांनी किती केले आहे ते बघ. जो माणूस वर्षानुवर्षे आपल्याबरोबर उभा होता त्याच्याविरुद्ध ऐकून घेणे जड जाते, हे मीही जाणते. म्हणूनच त्याचे नाव पुढे येण्यापूर्वी, कोणाचेच नाव डोळ्यांपुढे नसताना, नियम लिहून काढले पाहिजेत. तक्रार कोणाकडे करायची, चौकशी होईपर्यंत त्याने कोणत्या कामापासून दूर राहायचे, चौकशी समितीत संस्थेबाहेरची व्यक्ती कोण असेल, त्याचे मित्र असलेल्यांनी निर्णयात भाग घ्यायचा की नाही, हे सगळे त्यात यावे. आमच्या केंद्रात येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला पहिल्याच दिवशी हे नियम वाचून दाखवले जातात आणि त्यावर त्याची सही घेतली जाते. काही जण सही न करता निघून गेले आहेत. त्यांना आम्ही थांबवले नाही.

मोर्चात मागे चालायला सांगितले म्हणून यापुढे येणारच नाही, असे ज्या वाचकाने लिहिले आहे, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी यावे आणि कोणते काम उरले आहे ते आयोजक भगिनींना विचारावे. रात्रीच्या मोर्चात आलेल्यांची लहान मुले सांभाळायला माणसे लागतात, रहदारी अडवायला लागतात, मोर्चा संपल्यावर शेवटची मुलगी घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत फोनजवळ बसायला कोणीतरी लागते. ही कामे बहुतेक वेळा त्याच स्त्रिया करतात ज्यांनी दिवसभर घोषणा लिहिल्या असतात आणि ज्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या तरी तारखेला हजर राहायचे असते.

आपली,
एक वाचक आणि समुपदेशन केंद्रातील कार्यकर्ती